स्मार्ट उपकरणं गेस्ट वायफायवर टाकली, पण ती खरंच वेगळी झाली का?

सांजवात

नमस्कार मंडळी,

घरातल्या वायफायची मांडणी नव्याने करायला घेतली आहे आणि एका जागी अडले आहे. आधी घरात काय काय आहे ते सांगते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

फायबरची जोडणी देणाऱ्यांनी बसवलेला राउटर बाहेरच्या खोलीत आहे. त्याची रेंज आत पोचत नाही, म्हणून माझा स्वतःचा दुसरा राउटर आतल्या खोलीत ठेवला आहे. तो पहिल्याला केबलने जोडलाय. ऑफिसचा लॅपटॉप पहिल्या राउटरला वायरने लावलाय, कारण मीटिंगमध्ये आवाज तुटून चालत नाही. बाकी सगळं दुसऱ्यावर: आमचे फोन, घरचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि कागदपत्रांचे स्कॅन, फोटो वगैरे ठेवलेली नेटवर्क डिस्क. शिवाय टीव्ही, त्याला लावलेली कास्टिंगची स्टिक, एक बोलका स्पीकर, काही बल्ब, प्लग, फरशी झाडणारा रोबो, दारावरचा कॅमेरा आणि सासऱ्यांच्या खोलीतला कॅमेरा.

हे सगळं मनावर घेतलं ते या शेवटच्या कॅमेऱ्यामुळे. नाना रात्री उठतात आणि त्यांचा तोल जातो, म्हणून त्यांना विचारून तो लावला. त्या खोलीतलं चित्र घरच्यांशिवाय कुणालाही दिसता कामा नये. दुसरी काळजी नेटवर्क डिस्कची. सगळ्या घराचे कागद तिच्यात आहेत.

सगळीकडे वाचलं की स्मार्ट उपकरणं वेगळ्या नेटवर्कवर टाका. तर सुरुवात म्हणून राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. निम्म्या ओळींत नुसतं 'ईएसपी' आणि त्यापुढे आकडे-अक्षरांची माळ. कुठला बल्ब आणि कुठला प्लग, काही कळेना. मग एकेकाची वीज बंद करून कुठली ओळ जाते ते पाहिलं आणि प्रत्येकाला नाव दिलं. सगळी ओळखू आल्यावर दुसऱ्या राउटरचं गेस्ट वायफाय, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करून त्यावर हलवली.

आता बल्ब, प्लग आणि रोबो ठीक चालतात. कॅमेरे दिसतात, पण चित्र पूर्वीपेक्षा उशिरा येतं. फोनवरून टीव्हीवर कास्ट करायला गेलं की स्टिक यादीत दिसतच नाही. प्रिंटर तर पुरता हरवला.

माझे प्रश्न असे. गेस्ट नेटवर्क एवढ्यासाठी पुरेसं आहे का? कास्टिंग आणि प्रिंटर परत मिळवायचे तर काय करावं? आणि ते व्हीलॅन का काय म्हणतात ते माझ्यासारखीला जमेल का? मी तांत्रिक क्षेत्रातली नाही, पण नीट सांगितलं तर करते.

उंबरठा

सांजवात ताई, गेस्ट नेटवर्कवर टाकलंत ते योग्यच. डिसेंबर २०१९ मध्ये एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या पोर्टलंड कार्यालयाने लोकांना हाच सल्ला दिला होता: फ्रिज आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर नकोत.

मात्र एक बघून घ्या. काही राउटरवर गेस्टचं नाव आणि पासवर्ड तेवढा वेगळा असतो आणि आत सगळं एकच नेटवर्क असतं. 'स्थानिक नेटवर्क पाहू द्या' अशा अर्थाची एखादी खूण सेटिंगमध्ये असते, ती काढलेली हवी. व्हीलॅन, म्हणजे एकाच राउटरवर एकमेकांपासून तोडलेली वेगवेगळी नेटवर्क, सर्वांत चांगलं, पण त्यासाठी राउटरही तसा लागतो. सविस्तर नंतर लिहितो.

तारायंत्र

ताई, प्रश्न फार नेमका मांडलात. उपकरणं ओळखून नावं द्यायचं काम बहुतेक लोक टाळतात आणि मग पुढे सगळं अंदाजाने चालतं. नेटवर्क उभारणं आणि सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सगळ्यांत आधी नानांच्या खोलीतला कॅमेरा, कारण तुमची खरी काळजी ती आहे. नेटवर्क वेगळं केल्याने ती काळजी मिटत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचं चित्र बहुधा कंपनीच्या सर्व्हरमार्फत तुमच्या फोनवर येतं. कॅमेरा मुख्य वायफायवर असो की गेस्टवर, तो रस्ता तोच राहतो. कुणी तुमच्या खात्याचा पासवर्ड मिळवला तर त्याला घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची गरजच नाही, जगाच्या पाठीवर कुठूनही तो ॲप उघडेल आणि खोली पाहील. म्हणून आज रात्रीच हे करा: कॅमेऱ्याच्या खात्याला इतर कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड, दोन टप्प्यांची पडताळणी चालू, आणि 'लॉगिन असलेली उपकरणं' व 'शेअर केलेले सदस्य' या दोन्ही याद्या उघडून ओळखीचं नसेल ते काढून टाका. राउटरला हात लावायच्या आधी हे.

मग नेटवर्क वेगळं करून मिळतं काय? धोके दोन तऱ्हेचे आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला, बाहेरून कुणीतरी थेट उपकरणात शिरणं. २०१६ मधलं मिराई हे घातक सॉफ्टवेअर याचं ठळक उदाहरण. इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ते शोधायचं, टेलनेटच्या, म्हणजे दुरून उपकरण चालवायच्या जुन्या सोयीच्या, दारावर कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या लावून बघायचं आणि एखादी लागली की आत. अशा उपकरणांची फौज करून २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सेवेवर मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारखी संकेतस्थळं कित्येकांना तासन्‌तास उघडेनात. तुमचा कॅमेरा गेस्टवर असता तरी तो असा कामाला लावला गेला असता, जर त्याचं दार बाहेरून उघडं असतं. ते दार बंद ठेवायचं तर तीन गोष्टी लागतात: कारखान्याचा पासवर्ड बदलणं, राउटरवर कुठलंही पोर्ट (जोडणीसाठीचं क्रमांकाचं दार) बाहेरून आत न वळवणं, आणि यूपीएनपी बंद करणं. यूपीएनपी चालू असलं की घरातलं उपकरण तुम्हाला न विचारता राउटरला सांगतं, 'माझ्यासाठी हे पोर्ट उघड', आणि राउटर उघडतो.

दुसरा धोका असा की एखादं उपकरण बिघडलं, म्हणजे कुणाच्या तरी ताब्यात गेलं, तर ते घरात आजूबाजूला काय आहे ते बघायला लागतं. २०१७ मध्ये डार्कट्रेस या सुरक्षा कंपनीने एका कसिनोचं प्रकरण सांगितलं होतं. तिथल्या माशांच्या टाकीचे सेन्सर इंटरनेटला जोडलेले होते. त्यांतून घुसखोर आतल्या नेटवर्कमध्ये शिरले आणि सुमारे १० जीबी डेटा फिनलंडमधल्या एका ठिकाणी गेला. माशांच्या टाकीत चोरण्यासारखं काही नव्हतं, पण टाकी ज्या नेटवर्कवर होती तिथे होतं. तुमच्या घरी ती जागा नेटवर्क डिस्कची. वेगळं नेटवर्क या दुसऱ्या धोक्यावर आहे, आणि त्यावर ते उत्तम काम करतं.

आता खोलात जाण्याआधी एक चाचणी करा. फोन गेस्ट वायफायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. डेटा चालू राहिला तर काय कुठल्या वाटेने उघडलं ते कळणार नाही. मग ब्राउझरमध्ये एकेक पत्ता टाकून बघा: दुसऱ्या राउटरचा, नेटवर्क डिस्कचा आणि पहिल्या राउटरचा. पिंग करणारं, म्हणजे एखाद्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते बघणारं, एखादं ॲप घेऊन ऑफिसच्या लॅपटॉपचा पत्ताही तपासा. काय उघडतं आणि काय नाही, ते इथे लिहा. तुमची मांडणी वाचून मला एक शंका आली आहे, पण आधी निकाल पाहू.

सांजवात

तारायंत्र, कॅमेऱ्याचं खातं लगेच बघितलं. दोन टप्प्यांची पडताळणी बंद होती, ती चालू केली. यादीत आमच्या एका जुन्या, आता न वापरातल्या फोनचं लॉगिन होतं, तेही काढलं. हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार.

चाचणीचा निकाल असा. फोन गेस्टवर, डेटा बंद. दुसऱ्या राउटरचं पान उघडलं नाही. नेटवर्क डिस्क उघडली नाही. एवढं बघून बरं वाटलं. मग १९२.१६८.१.१ टाकलं आणि पहिल्या राउटरचं लॉगिन पान समोर आलं, नाव आणि पासवर्डच्या दोन चौकटींसकट! ऑफिसच्या लॅपटॉपला पिंग केलं तर त्याचंही उत्तर आलं. म्हणजे दारावरचा कॅमेरा, रोबो, बल्ब, सगळ्यांना माझा ऑफिसचा लॅपटॉप दिसतो? मग गेस्ट नेटवर्कने वेगळं केलं तरी काय?

तारायंत्र

हीच शंका होती. तुमचा राउटर जे करायला हवं तेच करतोय, फक्त त्याच्या नजरेत 'घर' आणि 'बाहेर' यांची रेघ वेगळ्या जागी आहे.

गेस्ट नेटवर्कचा नियम साधारण असा असतो: माझ्या आतल्या नेटवर्कला हात लावायचा नाही, बाहेर कुठेही जा. दुसऱ्या राउटरच्या दृष्टीने 'आत' म्हणजे फक्त त्याचं स्वतःचं नेटवर्क, जिथे तुमची डिस्क आहे. केबल ज्या बाजूने येते ते सगळं त्याच्या लेखी बाहेर, म्हणजे इंटरनेट. पहिला राउटर आणि त्याला वायरने लावलेला लॅपटॉप त्या बाहेरच्या भागात येतात. म्हणून गेस्टवरच्या बल्बला ते मोकळे दिसतात. आतल्या खोलीच्या दाराला कडी आतूनच असते: आतला माणूस बाहेरच्या खोलीत केव्हाही येईल, बाहेरचा आत जाऊ शकणार नाही. तुम्ही भरवशाची नसलेली उपकरणं आतल्या खोलीत बसवलीत आणि लॅपटॉप बाहेरच्या.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला, अदलाबदल. स्मार्ट उपकरणं पहिल्या राउटरच्या वायफायवर आणि लॅपटॉपसह तुमचं सगळं दुसऱ्या राउटरच्या मागे. सेटिंगला फारसा हात लावावा लागत नाही. पण यात एक उणीव आहे. तुमची सगळी वर्दळ त्या स्मार्ट उपकरणांच्या नेटवर्कमधूनच बाहेर जाते, आणि तिथलं एखादं बिघडलेलं उपकरण 'राउटर मीच' असं भासवून मध्ये बसू शकतं. बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएस वापरतात, त्यामुळे मजकूर वाचता येत नाही, पण तुम्ही कुठे कुठे जाता हे कळू शकतं. शिवाय पहिल्या राउटरची रेंज आत पोचत नाही, म्हणजे नानांच्या खोलीतल्या कॅमेऱ्याची अडचण होईल.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. पहिल्या राउटरला ब्रिज मोडवर टाका. मग तो राउटर राहत नाही, फायबरचा सिग्नल तसाच पुढे देणारा डबा होतो, आणि घरात राउटर उरतो एकच, तुमचा. लॅपटॉपची वायर तुमच्या राउटरला लावा. आता त्याच्या लेखीही सगळं घर 'आत' येईल आणि गेस्टचा नियम पुरेपूर लागू होईल. यासाठी जोडणी देणाऱ्यांना फोन करावा लागू शकतो. जोडणीचं युजरनेम-पासवर्ड असेल तर ते मागून घ्या, कारण ते आता तुमच्या राउटरमध्ये भरावं लागेल. घरचा फोन पहिल्या डब्यातून चालत असेल तर ब्रिज मोडनंतर तो चालेल का, हेही विचारून घ्या.

कुणी तुम्हाला उलटं सुचवेल, की दुसऱ्या राउटरलाच ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे त्याने पहिल्याचंच नेटवर्क वायफायने नुसतं पुढे पसरवायचं. तसं केलं तर त्याचं गेस्ट नेटवर्क बहुतेकदा नावापुरतं उरतं, कारण वेगळं ठेवायचं काम राउटर करतो आणि ॲक्सेस पॉइंट झाल्यावर तो राउटर राहत नाही. काही कंपन्यांनी यावर तोड काढली आहे, सगळ्यांनी नाही. काहीही केलंत तरी चाचणी मात्र आज केलीत तीच, तशीच.

आता कास्टिंग. फोन स्टिकला शोधतो तो घरभर हाळी देऊन. एमडीएनएस नावाची पद्धत आहे, २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर विचारणा जाते: कास्टिंग करणारं कुणी आहे का? स्टिक उत्तर देते आणि तुमच्या यादीत येते. ही हाळी एका नेटवर्कच्या हद्दीतच ऐकू जाते, राउटर ती पलीकडे नेत नाही. म्हणून गेस्टवर गेलेली स्टिक 'हरवते'. प्रिंटरचं तेच.

प्रिंटरचा उपाय सोपा आहे. त्याला शोधायची गरजच नाही, पत्ता माहीत असला की पुरे. राउटरमध्ये त्याला कायमचा एक पत्ता बांधून द्या आणि कॉम्प्युटरमध्ये प्रिंटर जोडताना 'शोधा' ऐवजी तो पत्ता टाका. पण दोन नेटवर्कमध्ये 'मुख्यकडून गेस्टकडे जाऊ द्या, उलट नको' अशी एकेरी वाट तुमचा राउटर देत नसेल, तर प्रिंटर सरळ मुख्य नेटवर्कवर ठेवा आणि त्याचं इंटरनेट बंद करा. 'पालक नियंत्रण' नावाची सोय बहुतेक राउटरवर असते, त्यात एखाद्या उपकरणाचं इंटरनेट बंद करता येतं. ती अशाच कामाला येते. मग फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करायचं असेल तेव्हा तेवढ्यापुरतं चालू करायचं.

कास्टिंगसाठी तुमच्या राउटरवर गेस्टखेरीज 'आयओटी नेटवर्क' अशी स्मार्ट उपकरणांसाठीची वेगळी सोय आहे का, ते आधी बघा. नसेल तर सरळ वाट अशी: टीव्ही आणि स्टिक गेस्टवरच ठेवा आणि कास्ट करायच्या वेळी फोन गेस्टला जोडा. मात्र 'क्लायंट आयसोलेशन' किंवा 'एपी आयसोलेशन' चालू असेल तर हेही जमणार नाही. त्या सेटिंगने एकाच वायफायवरची उपकरणंही एकमेकांना दिसत नाहीत. गेस्ट नेटवर्क वेगळं आणि हे आयसोलेशन वेगळं, दोन्ही स्वतंत्र आहेत.

आणि ऑफिसच्या लॅपटॉपबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत तरी. त्याला तुमच्या डिस्कची किंवा प्रिंटरची गरज असते का? नसेल तर तोही मुख्य नेटवर्कवर असायची गरज नाही. त्यावर तुमचं नियंत्रण नाही, त्यात काय बसवायचं ते ऑफिस ठरवतं.

झुळूक

सगळं वाचून काढलं, छान चाललंय. माझी एक भर. सगळी उपकरणं नव्या वायफायला पुन्हा जोडत बसणं हे फार कंटाळवाणं काम आहे, बल्बची बटणं दाबून दाबून बोटं दुखतात. त्यापेक्षा जुनं नाव आणि जुना पासवर्ड स्मार्ट नेटवर्कला देऊन टाका, आणि माणसांसाठी नवीन नाव, नवीन पासवर्ड करा. उपकरणं आपोआप जुन्या नावाला चिकटतात. हलवायचे फक्त फोन आणि कॉम्प्युटर. जुना पासवर्ड आल्यागेल्या सगळ्यांना दिलेला असेल तर मात्र असं करू नये.

आणखी एक. बल्ब-प्लगमधल्या स्वस्त चिपला, जसं की ईएसपी८२६६, फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, ५ नाही. वायफायच्या सुरक्षेची डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत एवढीच ठेवलेलं वायफायही अशांना बहुधा चालत नाही. म्हणून माणसांच्या नेटवर्कला डब्ल्यूपीए३ आणि स्मार्ट नेटवर्कला त्याआधीची डब्ल्यूपीए२, असं मी ठेवलंय. दोन नेटवर्क असण्याचा हा फायदा मला सगळ्यांत मोठा वाटतो. एका जुन्या बल्बसाठी सगळ्या घराची सुरक्षा खाली आणावी लागत नाही.

उंबरठा

परत आलो. तारायंत्र यांच्या ब्रिज मोडला माझं पूर्ण अनुमोदन. डब्ल्यूपीएसही बंद करा, म्हणजे ते बटण किंवा आठ आकडी पिन वापरून जोडायची सोय. २०११ मध्येच दाखवून दिलं गेलं की ती पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते.

व्हीलॅनचं विचारलं होतंत. घरी माझ्याकडे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर टाकलेला राउटर आहे, त्यावर तीन नेटवर्क आहेत: १९२.१६८.१०, २० आणि ३०. दहा माणसांचं, वीस उपकरणांचं, तीस पाहुण्यांचं. व्हीलॅन म्हणजे डेटाच्या प्रत्येक पाकिटाला एक क्रमांक चिकटवणं, १ ते ४०९४ पैकी कुठलाही, आणि वाटेतल्या प्रत्येक स्विचला (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या डब्याला) तो क्रमांक वाचता यायला हवा. साधा, सेटिंग नसलेला स्विच मध्ये आला तर वेगळेपणाची खात्री राहत नाही.

नियम म्हणाल तर मोजकेच. दहावरून वीसकडे नवी जोडणी सुरू करता येते. वीसवरून दहाकडे फक्त त्या जोडणीची उत्तरं जातात, स्वतःहून काही सुरू करता येत नाही. स्टिक शोधण्यासाठी एमडीएनएसची हाळी या नेटवर्कमधून त्या नेटवर्कमध्ये पोचवणारा अवाही नावाचा प्रोग्रॅम राउटरवर बसवला आहे. व्हिडिओच्या ॲपमधून कास्ट केलं तर हे मस्त चालतं, कारण फोन फक्त 'हा व्हिडिओ लाव' एवढंच सांगतो आणि स्टिक तो इंटरनेटवरून स्वतः आणते. फोनमधलाच फोटो किंवा व्हिडिओ टीव्हीवर दाखवायला गेलात तर मात्र अडतं. तिथे स्टिकला तुमच्या फोनकडे येऊन फाइल उचलावी लागते, म्हणजे वीसवरून दहाकडे नवी जोडणी, आणि तीच आपण बंद केलेली. मी त्यासाठी नियमात भोक पाडलं नाही. तेवढ्यापुरता फोन वीसवर नेतो.

दोन जागा लोक हमखास विसरतात. एक म्हणजे खुद्द राउटर. दहा आणि वीसमधली वाट बंद केली तरी वीसवरच्या उपकरणाला राउटरचं लॉगिन पान उघडता येत असेल तर काम अर्धंच झालं. वीसला राउटरकडून पत्ता मिळण्यासाठी ६७ आणि डीएनएससाठी ५३ एवढी पोर्ट पुरतात, बाकी बंद. कॅमेऱ्यांचं इंटरनेट तोडणार असाल तर वेळेसाठी १२३ सुद्धा द्या आणि राउटरलाच वेळ सांगायला लावा. नाहीतर कॅमेऱ्याचं घड्याळ हळूहळू सरकतं आणि चित्रीकरणावरची वेळ खोटी पडते.

दुसरी जागा आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४. काही राउटरवर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ चे नियम वेगवेगळ्या पानांवर असतात. एका पानावर सगळं चोख बंद करायचं आणि दुसऱ्या पानावर तीच वाट सताड उघडी, असं सर्रास होतं. चाचणी दोन्ही पत्त्यांनी करा.

सांजवात

सगळ्यांचे खूप आभार. जोडणी देणाऱ्यांशी बोलून पहिल्या राउटरला ब्रिज मोडवर टाकून घेतलं. युजरनेम-पासवर्ड ते आधी देत नव्हते, पण चिकाटी धरल्यावर दिले. आता गेस्टवरून १९२.१६८.१.१ उघडत नाही आणि नेटवर्क डिस्कही नाही. यूपीएनपी आणि डब्ल्यूपीएस बंद.

माझ्या राउटरवर 'आयओटी नेटवर्क' अशी वेगळी सोय निघाली! तिच्यात उपकरणांना एकमेकांशी बोलू द्यायचं की नाही, हे ठरवता येतं. झुळूक, तुमची युक्ती वापरली. जुना पासवर्ड लांब होता आणि घराबाहेर कुणाकडे नव्हता, म्हणून तो त्या नेटवर्कला दिला आणि बल्ब-प्लग सगळे न सांगता परतले. टीव्ही, स्टिक, स्पीकरही तिथेच. मुख्य नेटवर्कवरून स्टिक दिसत नाही, पण कास्ट करताना फोन तिकडे नेला की दिसते. घरच्यांना हे शिकवावं लागलं, चालेल. प्रिंटर मुख्य नेटवर्कवर, इंटरनेट बंद. ऑफिसच्या लॅपटॉपला घरातलं काहीच लागत नाही. तो वायरने मुख्य नेटवर्कवरच येत होता, म्हणून त्याला गेस्ट वायफायवर नेलं. राउटर आतल्या खोलीतच आहे, मीटिंगमध्ये आवाज तुटत नाही.

आता एकच उरलं. नानांच्या कॅमेऱ्याचं चित्र अजूनही उशिरा येतं. ते रात्री उठले की ते काही सेकंद मला नको आहेत. शिवाय ते चित्र कंपनीकडे जाऊन परत येतं हे मनाला पटतच नाही. हा कॅमेरा घरातल्या घरात ठेवता येईल का?

तारायंत्र

फार नेटकं काम केलंत.

उशीर होतो कारण फोन आणि कॅमेरा आता वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. पूर्वी एकाच नेटवर्कवर असताना ॲप कॅमेऱ्याशी थेट जोडणी करत असावं, आता ती सोय नसल्याने चित्र सर्व्हरला वळसा घालून येतं. नानांच्या खोलीसाठी फोन किंवा जुनी टॅबलेट असं एखादं उपकरण रात्रभर आयओटी नेटवर्कवरच ठेवलंत तर उशीर बहुधा लगेच कमी होईल. त्या टॅबलेटवर बाकी काही नको: ना बँक, ना ईमेल.

कंपनीकडे चित्र जाऊच नये, असं हवं असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'आरटीएसपी' किंवा 'ओएनव्हीआयएफ' (कॅमेऱ्याचं चित्र कंपनीच्या ॲपशिवाय थेट घेण्याच्या पद्धती) असं काही आहे का ते शोधा. असेल तर कॅमेरा ५५४ पोर्टवर थेट चित्र देतो आणि कुठल्याही साध्या प्लेअरमध्ये त्याचा पत्ता टाकून बघता येतं. त्यासाठी कॅमेऱ्यात फक्त पाहण्याचा अधिकार असलेलं वेगळं खातं करा, मुख्य खातं टॅबलेटमध्ये भरू नका. चित्र नीट दिसायला लागलं की राउटरवरून त्या कॅमेऱ्याचं इंटरनेट बंद करा. काही कॅमेरे इंटरनेट गेलं की थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा चालू होत राहतात, म्हणून दिवसा, घरात दुसरं माणूस जागं असताना करून बघा आणि रात्रीच्या आधी त्याची खात्री करून घ्या. घड्याळासाठी उंबरठा यांनी सांगितलेलं १२३ लक्षात असू द्या.

आरटीएसपीचं चित्र साधारणपणे कूटबद्ध नसतं. म्हणून ते घरातच बघायचं, आणि बाहेरून दिसावं म्हणून ५५४ हे पोर्ट राउटरवरून कधीही बाहेर उघडायचं नाही. बाहेर असताना नानांना बघायची वेळ येणार असेल तर राउटरवर वायरगार्डची, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडून घेण्याची, सोय आहे का ते सांगा. असेल तर फोन आधी घरच्या नेटवर्कला जोडून मग कॅमेरा उघडता येईल. ते कसं करायचं ते लिहितो.

कॅमेऱ्यात यांपैकी काहीच नसेल तर हा कॅमेरा दारावर किंवा जिन्यावर लावा आणि नानांच्या खोलीसाठी ही सोय असलेला दुसरा घ्या.